‘यूज्ड टू’, ‘हॅबिट’, ‘फॅमिलियर’ हे शब्द ग्रीकमध्ये कसे आणावेत?

या तिन्हींना आजच्या ग्रीकमध्ये एकेक ठरावीक शब्द आहे का, असं तुम्ही विचारलंय. तसा नाही. पण मराठी माणसाची इथे मोठी सोय आहे. इंग्रजी वाक्य आधी मराठीत आणा. इंग्रजीने एकाच शब्दात कोंबलेले अर्थ मराठीत आधीच सुटे झालेले असतात, आणि ग्रीकही बरेचदा तिथेच फोड करतं.

‘मी पूर्वी सिगारेट ओढायचो’ हे वाक्य बघा. सवय दाखवायला आपण वेगळा शब्द आणत नाही, क्रियापदाचं रूप बदलतो. ग्रीकमध्येही तसंच, पारातातिकोस म्हणजे अपूर्ण भूतकाळ वापरायचा: ‘पाल्या काप्निझा’. यातलं पाल्या (पूर्वी) गाळू नका. नुसत्या ‘काप्निझा’चा अर्थ ‘ओढत होतो’ असाही होतो, म्हणून कालदर्शक शब्द लागतोच. पाल्या नको असेल तर ‘रोज’ किंवा ‘लहानपणी’ असं काही घाला. ‘सिनीथिझा ना काप्निझो’ (ओढायची सवय होती; ‘ना’ पुढचं क्रियापद जोडतं) ही रचना चुकीची नाही, पण ती लेखी वळणाची आहे. संवादात ती सतत आली की भाषांतर जड होतं.

‘सवय आहे’ आणि ‘सवय झाली’ यांचं क्रियापद एकच, सिनिथीझो. फरक काळाने पडतो. गोंगाटाची सवय आहे: ‘एखो सिनिथीसी ती फासारिया’. सवय झाली, म्हणजे घटना घडून गेली: ‘सिनीथिसा’. ‘होईल तुला सवय’ असा धीर द्यायचा तर ‘था सिनिथीसिस’. नवशिके साध्या वर्तमानकाळात ‘सिनिथीझो’ म्हणून मोकळे होतात, पण त्यातून ‘सवय होते आहे’ किंवा पुढे ‘ना’ आलं तर ‘सहसा करतो’ असा अर्थ निघतो. विशेषण वापरायचं तर ‘इमे सिनिथिझमेनोस’, बोलणारी बाई असेल तर ‘सिनिथिझमेनी’. मात्र हेच विशेषण नामाआधी आलं की अर्थ ‘नेहमीचा, साधा’ होतो. ‘सिनिथिझमेनोस आन्थ्रोपोस’ म्हणजे सवय झालेला माणूस नव्हे, सामान्य माणूस.

‘हॅबिट’साठी सिनीथिया बहुतेक ठिकाणी चालतो. व्यसन असेल तर एथिझमोस. एक्सी हा जुना, भारदस्त शब्द. आज तो जडलेल्या, बहुधा वाईट सवयीसाठी येतो. अ‍ॅरिस्टॉटलच्या मजकुरात मात्र त्याच्या मूळ रूपाचा अर्थ ‘मुरलेली वृत्ती’ असा घ्यावा लागतो, तिथे ‘सवय’ तोकडा पडतो. माझा आवडता शब्द खूई, तुर्कीतून आलेला. आपल्या ‘खोड’चीच छटा त्यात आहे, आणि म्हणही तीच: आधी जीव जातो, मग खूई. म्हणजे जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. जोडप्यांच्या घरगुती संवादात ‘हॅबिट’ला खूई अगदी चपखल बसतो, वैद्यकीय लेखात तो घालू नका.

सगळ्यात जास्त घोटाळा ‘फॅमिलियर’मध्ये होतो. शब्दकोश पहिला शब्द देतात इकीओस. तो ‘घर’ या अर्थाच्या ईकोसवरून आला आहे, आणि अनेकवचनात त्याचा अर्थ सरळ ‘घरचे’. त्यात आपलेपणा आहे. त्यामुळे ‘या सॉफ्टवेअरशी मी फॅमिलियर नाही’ इथे तो चालत नाही; तिथे ‘देन इमे एक्सिकिओमेनोस मे’ म्हणा, किंवा त्याहून सोपं, ‘नीट माहीत नाही’. ओळखीचा चेहरा किंवा रस्ता असेल तर घ्नोरिमोस. ‘तुम्हाला कुठेतरी पाहिलंय’ या अर्थी मात्र विशेषण सोडून द्या आणि ‘कापू से क्सेरो’ (अहो-जाहो असेल तर ‘कापू सास क्सेरो’) लिहा.

नको इतकी सलगी करणाऱ्याला ‘टू फॅमिलियर’ म्हणतात. ग्रीक म्हणतात, त्याने थारोस घेतलं. थारोस म्हणजे एरवी धैर्य. आणि एखाद्याशी अरे-तुरे करणं म्हणजे ‘एनिकोस’मध्ये, एकवचनात बोलणं. कादंबरी भाषांतरित करताना दोन पात्रं बहुवचनावरून एकवचनावर कधी येतात हे आधीच ठरवून ठेवा, कारण इंग्रजी ‘यू’मध्ये ते दिसतच नाही.