घोडीच्या पापणीवर गाठ, कापू की नको?

प्रश्न: माझी घोडी माथेरानला पर्यटकांना फिरवते. तोंड पांढरं आहे. खालच्या पापणीच्या कडेला लालसर चट्टा होता, आता वाटाण्याएवढी गाठ झालीय, पाणी गळतं. कापलं तर परत येतं म्हणतात. मलमावर भागेल का?

उत्तर: भाऊ, मलम लावत बसू नका. पांढऱ्या तोंडाच्या घोड्यात पापणीची कातडी गुलाबी असते, उन्हाचा मारा थेट बसतो आणि तिथे स्क्वॅमस सेल कार्सिनोमा नावाचा कॅन्सर होऊ शकतो. दुसरी शक्यता सारकॉइडची, म्हणजे घोड्यांच्या कातडीवर येणाऱ्या एका प्रकारच्या गाठीची, आणि "कापलं की परत येतं" हे मुख्यतः त्याच्याबद्दल खरंय, अर्धवट छेडला तर तो जास्तच चिडतो. माश्यांमुळे चिघळलेली जखमही अशीच दिसते, म्हणून आधी तपासणी, मग सुरी.

गाठ लहान असतानाच जा हे मी कळकळीने सांगतेय, कारण पापणीचा साधारण एक तृतीयांश भाग गेला तरी कडा जुळवून सरळ टाके घालता येतात, त्याहून जास्त गेला तर शेजारची कातडी सरकवून पापणी नव्याने बनवावी लागते आणि ते खूप किचकट काम आहे. बऱ्याचदा गुंगीचं इंजेक्शन देऊन, जागा बधिर करून उभ्या घोड्यावरच ऑपरेशन होतं. कापल्यावर उरलेल्या पेशी मारायला ती जागा लिक्विड नायट्रोजनने दोनदा गोठवतात किंवा सिस्प्लॅटिन हे कॅन्सरचं औषध टोचतात. काढलेला तुकडा लॅबला पाठवायला सांगाच. नंतर डोळा घासू देऊ नका, उन्हात मास्क घाला आणि दर दोन-तीन महिन्यांनी पापणी नीट बघा.