लाईट गेली, लाईट जेवण आणि लाईट निळा

प्रश्न असा आलाय की 'लाईट' म्हणजे उजेड, मग लाईट जेवण, लाईट कलर, 'लाईट घे की भावा' हे सगळं एकाच शब्दातनं कसं काय निघालं, आणि 'लाईट गेली' म्हणणं चुकीचं आहे का.

एकाच शब्दातनं निघालेलंच नाही. उजेडाचा लाईट वेगळा आणि वजनाचा वेगळा, इंग्रजीत ते फार पूर्वीच दिसायला-ऐकायला सारखे झाले एवढंच. जर्मनमध्ये अजून वेगळे आहेत, उजेड म्हणजे 'लिष्ट' आणि हलकं म्हणजे 'लाइष्ट'. स्पेलिंगमधला मुका 'जीएच' पण उगाच नाही बसलेला, पूर्वी तो घशातनं ख सारखा उच्चारायचे.

मजा म्हणजे दोघांचेही भाऊबंद आपल्याकडं आहेत. वजनाचा लाईट संस्कृतमधल्या 'लघु'चा नातेवाईक, आणि उजेडाचा 'रुच्' म्हणजे चमकणे या धातूच्या भावकीतला, रुक्मिणीतलं रुक्म पण तिथलंच. इंग्रजीत फुप्फुसाला लंग म्हणतात ते लघुच्या बाजूचं, हलका अवयव म्हणून, आणि तिकडचे खाटीक तर जनावराच्या फुप्फुसाला सरळ 'लाईट्स'च म्हणायचे.

लाईट जेवण, लाईट पाऊस, 'लाईट घे' हे सगळं वजनाचं. पण लाईट निळा हा उजेडाच्या बाजूचा, इथं बहुतेकजण फसतात, कारण आपण मराठीत 'हलका निळा' म्हणतो आणि वाटतं तिकडं पण तसंच असणार.

आता 'लाईट गेली'. कोल्हापुरात कोणी 'वीजपुरवठा खंडित झाला' म्हणत नाही, पेपरवाले सोडून. करवीर-पन्हाळ्याकडं ऊसवाला म्हणतो 'ह्या आठवड्यात लाईट रातीची हाय', तिथं लाईट म्हणजे दिवा नव्हे, पाण्याच्या मोटारीला लागणारी थ्री फेज वीज. कारखान्यांच्या उद्यमनगरात भट्टीवाला लाईट गेली म्हणून बोंबलतो तेव्हा शेडमध्ये लख्ख दुपार असते. म्हणजे शब्द आपण घेतला आणि त्याचं काम बदललं, आणि लिंग पण. दिव्याला कोणी 'तो लाईट' म्हणेल कोणी 'ती', पण येते-जाते ती मात्र कायम 'ती', वीज स्त्रीलिंगी ना. 'लाईट गेला' ऐकलं की कोणीतरी बाहेरचं आलंय असं वाटतं मला तरी.

आणि शुद्धतेचंच बोलायचं तर वीज तरी कुठं मूळची तारेतली, ती आभाळातली, विद्युत्. इंग्रजांचं 'इलेक्ट्रिक' ग्रीक भाषेत राळेच्या पिवळ्या खड्यासाठी जो शब्द आहे त्यावरनं आलं, कारण तो घासला की काड्या-कचरा ओढतो. त्यामुळं बोलताना 'लाईट गेली' बिनधास्त म्हणा, अर्जात वीज लिहा, आणि इंग्रजी पेपरात 'द लाईट वेंट' लिहू नका, तिकडं 'पॉवर' जाते.

जाता जाता, 'अलाईट' पण दोन आहेत बरं का. पेटलेला तो उजेडाचा, आणि गाडीतनं उतरणे तो वजनाचा, घोड्यावरनं उतरलं की घोड्याचं ओझं कमी होतं म्हणून. 'डिलाईट'चा मात्र दोघांशी काहीच संबंध नाही, तो फ्रेंचमधनं आलेला, त्यात 'जीएच' नव्हताच, लाईट-नाईट बघून लोकांनी नंतर घुसडलाय.