विद्यापीठात नाटक, संगीत आणि चित्रप्रदर्शन यांसाठी एकच मोठं सभागृह का पुरत नाही?

बरेच जण तसंच भागवतात, पण तिघांचंही थोडंथोडं नुकसान होतं. मुख्य भांडण आवाजाचं. सिम्फनीच्या वाद्यवृंदाला सूर साधारण 2 सेकंद रेंगाळलेला हवा असतो. नाटकात आवाज तेवढा घुमला तर एका शब्दावर दुसरा चढतो आणि संवाद कळत नाहीत. तिथे 1 सेकंदाच्या आसपास बरं. जाड पडदे सोडून किंवा गुंडाळून हे काही अंशी साधतं, पण रंगमंचाची उंची आणि विंगा पडद्यांनी येत नाहीत.

म्हणून अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाच्या क्रॅनर्ट सेंटरमध्ये (1969) संगीताचं मोठं सभागृह वेगळं आणि नाटकाचं वेगळं. मार्ग महागडा, पण बरोबर.

चित्रांचं गणितच निराळं. जलरंगातल्या चित्रावर सहसा 50 लक्सपेक्षा (लक्स म्हणजे पृष्ठभागावर पडणाऱ्या प्रकाशाचं माप) जास्त प्रकाश ठेवत नाहीत, तैलचित्राला 200 पर्यंत चालतो. सभागृहाबाहेरच्या काचेच्या लॉबीत चित्रं टांगणं त्यामुळे वाईट कल्पना. (दिसतं छान, हे मान्य.) हार्वर्डच्या कारपेंटर सेंटर या दृश्यकला केंद्रात वास्तुविशारद ल कॉर्बुझिए यांनी इमारतीच्या पोटातून रॅम्प नेला, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला आतलं काम दिसतं. प्रदर्शनाला माणसं आणायचा हा मला जास्त पटणारा उपाय.

पैसे एकाच जागेपुरते असतील तर ब्लॅक बॉक्स बांधा: काळ्या भिंती, सपाट फरशी, हलवता येणाऱ्या खुर्च्या, वर दिव्यांसाठी लोखंडी जाळी. तालमी, नृत्य, छोटे प्रयोग सगळं निभतं. वाद्यवृंद मात्र तिथे कोरडा वाटेल.