कावळा शिवला नाही तर

पुण्यात ओंकारेश्वराच्या घाटावर वडिलांच्या दहाव्याचा पिंड मांडला आहे, कावळे पलीकडच्या झाडावर बसून आहेत आणि एकही खाली उतरत नाही. पुण्यात सकाळचे नऊ म्हणजे न्यू जर्सीत उन्हाळ्यात आदल्या रात्रीचे साडेअकरा. तिकडे लॅपटॉपसमोर बसलेल्या मुलाच्या कानावर वाक्य पडतं, "भाऊंचा जीव पोरात अडकलाय." बोलणारा विसरून जातो. मुलगा विसरत नाही.

तेव्हा वडील गेल्यावर तुम्हीही असेच परदेशातून विधी पाहणार असाल, तर आधीच गुरुजींशी बोलून ठेवा. कावळा आला नाही तर दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववतात. ही रूढ पद्धत आहे, तडजोड नव्हे. किती वेळ थांबायचं ते ठरवा आणि इच्छा राहिल्याची चर्चा करू नका, असं घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्याला सांगून ठेवा.

श्रद्धेनं दुःखात बळ येतं, पण ती कुठल्या वळणाची आहे त्यावर बरंच ठरतं. मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गामेंट आणि सहकाऱ्यांनी रुग्णालयात दाखल झालेल्या 596 वयस्क रुग्णांचा दोन वर्षं मागोवा घेतला. 2001 साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. 'देवानं मला टाकलं' अशा विचारांनी ग्रासलेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं, आजाराची तीव्रता हिशेबात धरूनही.

म्हणून आईचे शब्द नीट ऐका. "त्याची इच्छा" म्हणून ती दोन घास खात असेल, तर तिला आधार आहे. "माझंच काही चुकलं, त्याची शिक्षा" असं म्हणत असेल, तर "असं काही नसतं गं" म्हणून विषय तोडू नका. ती गप्प होईल, विचार तसाच राहील. "असं कधी जास्त वाटतं?" एवढंच विचारा आणि थांबा. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भूक गेलेली असेल, वर्षानुवर्षांची पूजा अचानक सुटली असेल किंवा जप थांबवताच येत नसेल, तर मनोविकारतज्ज्ञांकडे न्या. "मला आता ने रे बाबा" हे वारंवार येत असेल, तर जीव द्यावासा वाटतो का, हे सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. होकार आला तर तिला एकटं ठेवू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. पुण्यातून 14416 या टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या मोफत क्रमांकावर चोवीस तास बोलता येतं, मराठीतही.

उपवासाचं मात्र स्पष्ट बोला. लिथियम हे मनोविकारावरचं औषध चालू असताना निर्जळी उपवास केला, तर शरीरातलं पाणी कमी होऊन रक्तात औषध वाढतं आणि विषबाधा होऊ शकते. मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्सुलिनवर उपाशी राहिलं तर साखर घसरू शकते. व्रताआधी डॉक्टरांना विचारा, गोळी परस्पर बंद करू नका.

सगळ्यात कठीण असतो तेराव्यानंतरचा आठवडा. पाहुणे पांगतात, कोथरूडच्या फ्लॅटमध्ये आई एकटी. तिन्हीसांजेला, तिचा दिवा लावून झाला की, रोज पंधरा मिनिटं फोन करा. "कशी आहेस?" विचारलंत तर "बरी आहे" एवढंच येईल. "आज देवाला कुठली फुलं मिळाली?" विचारा, बोलणं आपोआप पुढे सरकतं. भजनी मंडळात परत जायला सांगा; एक दिवस गेली नाही तर तिथल्या बायका दार वाजवतात.

वर्षश्राद्धाची तिथी आणि मृत्यूची तारीख बहुधा वेगवेगळ्या दिवशी येतात. दोन्ही आजच फोनमध्ये घालून ठेवा, त्या दोन्ही दिवशी तिला तुमचा फोन हवा असतो.