रिकाम्या खुर्चीची तालीम

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि संहिता दोन्ही मिळाली. संहिता मी दोनदा वाचली आणि दुसऱ्यांदा मोठ्याने वाचली, कारण एकपात्री नाटकाचा कस नुसत्या डोळ्यांनी वाचून लागत नाही. वडिलांच्या निधनानंतर गावाकडचे घर विकायला आलेली ती चाळिशीची स्त्री सामान बांधता बांधता कधी फोनवर भावाशी, कधी दारात उभ्या असलेल्या खरेदीदाराशी आणि बराच वेळ वडिलांच्या आरामखुर्चीशी बोलते. तुमच्या मंडळातील लेखिकेने हे फार जिव्हाळ्याने लिहिले आहे आणि त्याचा प्रयोग व्हायलाच हवा. मात्र तुझ्या पत्रातील एका वाक्यापाशी मी अडले. ‘तालमींना माणसे जमत नाहीत, म्हणून या वेळी एकपात्री घेतले आहे,’ असे तू लिहिले आहेस.

हौशी मंडळाची ही अडचण मी आयुष्यभर पाहिली आहे. कुणाची दुसरी पाळी असते, कुणाच्या घरी परीक्षा असते, आणि राज्य नाट्यस्पर्धेची धावपळ संपली की महिनाभर कुणी तालमीच्या जागेकडे फिरकत नाही. तरीही माणसे कमी लागतील या आशेने एकपात्री हाती घेऊ नकोस. रंगमंचावर ती बाई एकटी असेल, पण ती ज्यांच्याशी बोलते ते तिघे प्रेक्षकांना दिसले पाहिजेत, आणि न दिसणारी माणसे दाखवायची तर तालमीला जास्तच माणसे लागतात.

आपल्याकडे एकपात्रीच्या निरनिराळ्या वाटा रूढ झाल्या आहेत, आणि आपली वाट कोणती हे दिग्दर्शकाने आधी ठरवावे लागते. लक्ष्मण देशपांडे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये ५२ व्यक्तिरेखा एकट्याने उभ्या करीत. हातातले एक वस्त्र, आवाजातला बदल आणि मानेचे वळण एवढ्यावर माणसे बदलत. तिथे बोलणारा आणि ऐकणारा दोघेही नटाच्याच अंगात असतात. सुषमा देशपांडे यांच्या ‘व्हय मी सावित्रीबाई’मध्ये सावित्रीबाई समोर बसलेल्यांनाच आपली कहाणी सांगतात, त्यामुळे तिथे ऐकणारा म्हणजे प्रेक्षक. तुमच्या नाटकातील बाई प्रेक्षकांकडे एकदाही वळत नाही आणि भावाची किंवा वडिलांची नक्कलही करीत नाही. तिचे ऐकणारे तिच्यासमोर आहेत आणि ते दिसत नाहीत. माझ्या मते ही सर्वांत कठीण वाट आहे, कारण त्या माणसांच्या जागा एकदा सैल झाल्या की बाई स्वतःशीच बडबडते आहे असे वाटू लागते, आणि मग कितीही चांगला अभिनय त्या प्रयोगाला सावरू शकत नाही.

म्हणून तालमीची सुरुवात न लिहिलेल्या वाक्यांपासून कर. लेखिकेला शेजारी बसवून वडिलांची, भावाची आणि खरेदीदाराची उत्तरे वेगळ्या वहीत पूर्ण लिहून काढा. पहिले पंधरा दिवस मंडळातील एखाद्या ज्येष्ठ सभासदाला खरोखर त्या आरामखुर्चीत बसव आणि ती उत्तरे त्याला बोलू दे. पुढच्या आठवड्यात त्याने ती मनातल्या मनात म्हणावीत. त्यानंतर त्याने उठून जावे. अभिनेत्री मग जे थांबेल ते त्या उत्तराच्या लांबीइतके थांबेल. तिला ‘इथे दोन सेकंदांचा पॉज घे’ असे सांगण्याची वेळ तुझ्यावर येणार नाही. आता संवादच करायचा नाही तर या माणसाने रोज कशाला यायचे, असे कुणी विचारील. असे विचारणाऱ्याला या थांबण्याचे कारण नीट समजावून सांग.

ही उत्तरे लिहिली की संहितेतील एक दोष आपोआप दिसेल. नवव्या पानावर भावाचा फोन येतो तेव्हा ती म्हणते, ‘काय? उद्या येतोस म्हणतोस? दुपारच्या गाडीनं?’ फोनवर असे कुणी बोलत नाही. हे वाक्य प्रेक्षकांना माहिती पुरवण्यासाठी घातले आहे आणि ते ऐकताच भाऊ नाहीसा होतो. ते काढून टाका. तिने ऐकावे, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहावे आणि ‘बरं, मग मी जेवायची थांबते,’ एवढेच म्हणावे. भाऊ येतो आहे आणि दुपारी येतो आहे, हे सगळ्यांना कळते. शिवाय घर विकण्यावरून एवढे भांडण झाले असतानाही ती त्याच्यासाठी जेवायची थांबणार आहे, हेही कळते.

भावाचा आवाज ध्वनिमुद्रित करून ऐकवावा, अशी सूचना मंडळातून नक्की येईल. ती स्वीकारू नकोस. गिरीश कार्नाड यांच्या ‘बिखरे बिंब’मध्ये लेखिका पडद्यावरच्या आपल्याच प्रतिमेशी बोलते, तिथे ती प्रतिमा हाच नाटकाचा विषय आहे, म्हणून चित्रित केलेली उत्तरे तिथे शोभतात. तुमच्या नाटकात मात्र एकाचा आवाज ऐकू आला की बाकीचे दोघे मुके वाटू लागतील.

जागांबद्दल मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण माझी चूक इथेच झाली होती. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एक एकपात्री बसवले होते. त्यात एक आई परगावी गेलेल्या मुलाचा पाट मांडते, ताट वाढते आणि त्याच्याशी बोलत राहते. प्रयोग तालुक्याच्या गावी होता. तिसऱ्या घंटेच्या आधी जमिनीवरचा माइक बसवताना कुणीतरी तो पाट तीन-चार फूट उजवीकडे सरकवला. तिने नव्या जागी भात वाढला, पण ‘अजून थोडा घे रे’ म्हणताना तिची नजर सवयीने जुन्या जागी गेली. मुलगा एकाच वेळी दोन ठिकाणी बसला. मागच्या रांगेत कुणीतरी हसले आणि पुढची दहा मिनिटे त्या गुणी बाईला प्रेक्षक परत मिळाले नाहीत. पाट सरकवणाऱ्याला मी कधीच दोष दिला नाही. त्या पाटावर कोण बसले आहे हे आम्हा दोघींखेरीज मंडळात कुणालाच सांगितलेले नव्हते.

तुझ्या मंडळात हे प्रत्येकाला ठाऊक असू दे: नेपथ्य लावणाऱ्याला, दिव्यांवर बसणाऱ्याला आणि चहा आणणाऱ्या मुलालाही. खुर्चीच्या चारही पायांखाली रंगीत चिकटपट्टीच्या खुणा करा आणि घंटेआधी त्या तपासण्याचे काम एकाच माणसाकडे द्या. नजरेची उंचीही ठरवून घ्या. खरेदीदार उभा आहे, म्हणून बाईची मान थोडी वर हवी. वडील बसलेले आहेत, म्हणून ती उभी असताना नजर खाली जाते. शेवटच्या प्रवेशात ती खुर्चीजवळ जमिनीवर बसते, असे लेखिकेने सुचवले आहे. ते मुळीच बदलू नकोस. तिथे तिला पहिल्यांदाच वडिलांकडे मान वर करून पाहावे लागते, आणि चाळिशीची बाई वाक्य न बोलता मुलगी होते.

प्रकाशयोजना करणाऱ्याला दुसऱ्या आठवड्यापासूनच तालमीला बोलाव. रिकाम्या खुर्चीवर स्पॉट टाकण्याचा मोह त्याला होईल; हौशी प्रयोगांत मी हे इतक्यांदा पाहिले आहे की आता ते पाहवत नाही. तिने त्या खुर्चीकडे पाहिले की प्रेक्षक पाहतातच. फोनची घंटा देणाऱ्यानेही संहितेतल्या ओळीवर विसंबू नये, तिच्या हातावर लक्ष ठेवावे, कारण रिसीव्हर उचलल्यावरही वाजत राहणारी घंटा सारे घालवून बसते.

पाठांतराची तुला फार काळजी वाटते, आणि ती रास्त आहे. वाक्य विसरले तर सांभाळून घ्यायला सहकलाकार नाही, आणि विंगेतून प्रॉम्प्टरचा आवाज आला तर तो या नाटकात चौथे न दिसणारे माणूस ठरेल. त्यावर उपाय संहितेतच आहे. ती सामान बांधते आहे. पितळी डबा, जुनी पंचांगे, चष्म्याचे घर, आईची खणाची चोळी अशा एकेका वस्तूला संहितेचा एकेक तुकडा बांधून टाका आणि वस्तू त्याच क्रमाने फडताळात मांडा. शब्द हरवला तरी हात पुढच्या वस्तूपाशी जातो आणि वस्तू हातात आली की वाक्य येते. अर्थात डबा आणि पंचांगे यांची अदलाबदल झाली तर अर्धे पान गळेल, म्हणून रंगमंचावरच्या या वस्तू मांडणाऱ्या मुलीच्या हाती पूर्ण संहिता असली पाहिजे.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. नाटक सव्वा तासाचे होईल. मध्यंतर घेऊ नका. तुकड्यातुकड्यांनी कितीही तालमी झाल्या तरी सलग दहा तालमींशिवाय अभिनेत्रीला आपला दम कळणार नाही. लेखिका मंडळातील असली तरी तिची लेखी परवानगी घ्या, आणि संहिता नवी आहे तेव्हा संहिता तपासून प्रयोगाला प्रमाणपत्र देणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे ती वेळेत पाठवा. तिकीट विकायला काढल्यावर प्रमाणपत्रासाठी धावू नका. गावातले मोठे नाट्यगृह मिळत असले तरी पहिला प्रयोग तिथे नको. पुण्यातील सुदर्शन रंगमंचासारखी, शेवटच्या रांगेतूनही डोळे दिसतील अशी छोटी जागा तुमच्याकडे नसेल, तर शाळेचा हॉल घ्या आणि शंभर-सव्वाशे खुर्च्या मांडा. प्रयोगानंतर खुर्चीत पंधरा दिवस बसलेल्या त्या सभासदाचे नाव अभिनेत्रीच्या पाठोपाठ घ्या आणि त्याला रंगमंचावर बोलवा.

तालीम सोमवारी सुरू करण्याचा तुझा विचार आहे. त्याआधी उत्तरांची वही लिहून झाली तर तिची एक प्रत मला पाठव. वेळ कमी पडला तर खरेदीदाराची आणि भावाची उत्तरे मागाहून येऊ देत, पण वडिलांची मात्र सगळी हवीत. विशेषतः अठराव्या पानावर ती ‘तुम्ही तरी कधी विचारलंत मला?’ म्हणते आणि त्यानंतर लेखिकेने नुसती तीन टिंबे दिली आहेत. तिथे वडील काय म्हणाले, ते मला वाचायचे आहे.

तुम्हा सर्वांना माझे आशीर्वाद.

तुझी,
जुन्या मंडळातील बाई