रिकाम्या रकान्याची गोष्ट

प्रश्न : दर गुरुवारी आमच्याकडे शास्त्राभ्यास असतो. बायबलमधल्या मार्ककृत शुभवर्तमानाच्या सोळाव्या अध्यायाला माझ्या प्रतीत टीप आहे की ९ ते २० ही वचनं सर्वांत जुन्या हस्तलिखितांत नाहीत. ती हस्तलिखितं नेटवर आहेत म्हणतात. मला मात्र धूसर फोटोच सापडले, कोणता कशाचा तेही कळत नाही. ग्रीक येत नाही. कुठं बघू?
(एक वाचक, सदर, नागपूर)

उत्तर : भाऊ, फोटो शोधूच नका, पोथीचा पत्ता शोधा. म्हणजे ती ज्या ग्रंथालयात आहे त्याचं नाव आणि तिथला क्रमांक. माझी हयात कॉलेजच्या ग्रंथालयात कार्डं लिहिण्यात गेली, म्हणून हे जरा ठासून सांगतोय.

तुम्हाला दोन पोथ्या पुरतील, दोन्ही चौथ्या शतकातल्या. पहिली व्हॅटिकन ग्रंथालयाची. त्यांच्या डिजिटल संग्रहात रोमन लिपीत ‘व्हॅट’, टिंब, ‘जीआर’, टिंब, १२०९ असं टाका आणि पान १३०३ उघडा. पानावर तीन रकाने आहेत. मार्क दुसऱ्या रकान्यात आठव्या वचनावर संपतो, तिसरा अख्खा कोरा. लूक, म्हणजे त्यानंतरचं शुभवर्तमान, पुढच्या पानावर.

मी हे पहिल्यांदा पाहिलं ते भर मे महिन्यात, कूलरसमोर बसून. शेजारची दहावीतली पोरगी माऊस चालवत होती. म्हणाली, “आजोबा, इथलं पुसलं का कोणी?” पान मोठं करकरून पाहिलं बाप्पा, खाडाखोडीची खूण नाही. लेखनिकाला पुढचा मजकूर ठाऊक होता म्हणून त्यानं जागा सोडली, असंही काही अभ्यासक म्हणतात. त्यामुळे गुरुवारी हा रकाना दाखवाल तर ही वचनं मूळची की मागाहूनची हा वाद मिटेल असं समजू नका.

दुसरी कोडेक्स सिनायटिकस. हिची पानं चार ठिकाणी विखुरलीत : लंडन, लाइपझिग, सेंट पीटर्सबर्ग आणि सिनाईचा सेंट कॅथरीन मठ. टिशेनडॉर्फ नावाच्या जर्मन विद्वानानं १८४४ मध्ये मठातून ४३ पानं नेली, तिथून ही फाटाफूट सुरू झाली. २००९ पासून चारही ठिकाणची पानं पोथीच्या नावाच्याच संकेतस्थळावर एकत्र बघता येतात. तिथं मार्क १६ निवडा. बाजूला छापील ग्रीक दिसेल. त्यातल्या शब्दावर क्लिक केलं की पानावरचा तोच शब्द उजळतो. इथं चार रकाने आहेत. मार्क दुसऱ्यात संपतो, खाली नक्षी, उरलेली जागा मोकळी, तिसऱ्यात लूक सुरू. एक गोम आहे : हे जोडपान मूळ लेखनिकाचं नाही, दुसऱ्यानं लिहून बदललेलं आहे.

आणि पाचव्या शतकातल्या अलेक्झांड्रिनस पोथीत ही बारा वचनं आहेत, हेही मंडळींना सांगा. मोबाइलवर मात्र बघू नका. चार रकाने त्यात मावत नाहीत, डोळे दुखतात.