गाठीतील ऑक्सिजन कमी आहे की नाही हे दाखवणारे एमआरआयचे कॉन्ट्रास्ट मिळते का?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत: एमआरआयच्या वेळी शिरेतून देतात त्या कॉन्ट्रास्टवरून (चित्रातील फरक ठळक करणाऱ्या औषधावरून) गाठीतला ऑक्सिजन कळतो का, आणि ‘रेडॉक्स-संवेदी’, म्हणजे त्यातील धातूने इलेक्ट्रॉन गमावला किंवा मिळवला की चित्रातला उजळपणा बदलणारे, कॉन्ट्रास्ट रुग्णालयात मिळते का. मी असेंद्रिय रसायनशास्त्राच्या बाजूने या विषयाकडे पाहतो. दोन्ही प्रश्नांचे उत्तर सध्या तरी नाही असेच आहे. ही संयुगे अजून प्रयोगशाळेत आणि उंदरांवरील प्रयोगांत आहेत.

आज सर्रास वापरतात ते गॅडोलिनियम. त्याच्या आयनातील सात अयुग्मित इलेक्ट्रॉनांमुळे लगतच्या पाण्यातील हायड्रोजनची केंद्रके लवकर मूळ स्थितीत येतात आणि टी-1 चित्रात (एमआरआय चित्राचा एक नेहमीचा प्रकार) ती जागा उजळते. मात्र शरीरात गॅडोलिनियम +3 ही (तीन इलेक्ट्रॉन गमावलेली) अवस्था सोडत नाही, म्हणून ते कुठे पोहोचले एवढेच कळते.

युरोपियमचे तसे नाही. +2 अवस्थेत त्याच्याकडेही सातच अयुग्मित इलेक्ट्रॉन असतात. ऑक्सिजनमुळे ते +3 झाले की टी-1 वरचा प्रभाव जवळपास संपतो. डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठातील मॅथ्यू ॲलन यांच्या गटाने असे संयुग उंदरांच्या गाठींत टोचले, तेव्हा मृत पेशींच्या, म्हणजे ऑक्सिजन कमी असलेल्या, भागात उजळपणा टिकून राहिला. लोहाची चाल उलटी आहे: बॉस्टनमध्ये पीटर कॅरावन आणि एरिक गेल यांनी अभ्यासलेले +2 लोहाचे संयुग दाह झालेल्या स्वादुपिंडात ऑक्सिडीकरण होऊन उजळते. खरे तर हा प्रकार रेडिओलॉजिस्ट नेहमी पाहतात, कारण मेंदूतील रक्तस्रावानंतर काही दिवसांनी हिमोग्लोबिनचे मेथेमोग्लोबिन होते, म्हणजे लोह +2 वरून +3 वर जाते, आणि साकळलेले रक्त टी-1 चित्रात पांढरे दिसू लागते.

मग अडते कुठे? उजळपणा धातूच्या अवस्थेवर जसा अवलंबून असतो, तसाच तिथे पोहोचलेल्या मात्रेवरही असतो. गाठीच्या मध्यभागी रक्तपुरवठाच तुटपुंजा असतो. तेव्हा तिथला काळा ठिपका पाहून ऑक्सिजनने युरोपियम विझवले की औषधच पोहोचले नाही, हे एका चित्रावरून ठरत नाही. माझ्या मते या क्षेत्राची खरी परीक्षा इथेच आहे, नवनवे धातू शोधण्यात नाही. त्यावर एक चांगला उपाय म्हणजे संयुगावर फ्लुओरीन बसवणे: +2 युरोपियमजवळ फ्लुओरीनचा संकेत दडपला जातो आणि +3 झाल्यावर उमटतो, त्यामुळे दोन्ही रूपे स्वतंत्रपणे ओळखता येतात, पण फ्लुओरीन दिसण्यासाठी मात्रा बरीच लागते. शिवाय शरीरातील ग्लुटाथायोन (पेशीची रेडॉक्स स्थिती सांभाळणारा रेणू) मुख्यतः पेशींच्या आत असते, तर अशी बहुतेक संयुगे पेशींबाहेरच राहतात, म्हणून पेशींच्या आतली स्थिती त्यांना कळत नाही.

त्यामुळे आपल्या रिपोर्टमध्ये गाठीने ‘कॉन्ट्रास्ट कमी घेतला’ असे लिहिले असेल, तर ते तिथला रक्तपुरवठा आणि केशवाहिन्यांतून होणारी गळती यांविषयीचे विधान आहे. त्यावरून ऑक्सिजनचा अंदाज बांधू नये.